घर लावताना येणारे दडपण : निर्णयांचा भार कसा हलका करावा?

"घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" ही म्हण आपल्याकडे उगीच रूढ झालेली नाही. फ्लॅटचा ताबा मिळतो, पेढे वाटले जातात आणि पंधरा दिवसांत घरातले कुणीतरी म्हणू लागते, "मला आता काही सुचतच नाही." फरशी कोणती, ओट्याला ग्रॅनाइट की क्वार्ट्‌झ, ट्रॉल्या कुणाकडून करायच्या, हॉलचा रंग फिकट पिवळा की दुधी, फॉल्स सीलिंग हवे की नको? प्रत्येक प्रश्न तसा लहान असतो. पण सगळे एकदम समोर आले की झोप उडते, चिडचिड वाढते आणि आनंदाच्या कामाचे ओझे होते.

असे होणे हा आजार नाही. तो आळस नाही आणि कमकुवतपणाही नाही. मात्र काही वेळा या दडपणाच्या आड चिंतेचा विकार, नैराश्य किंवा दुसरा आजार लपलेला असतो. साधे दडपण कसे हाताळावे, घरच्यांनी कशी मदत करावी आणि डॉक्टरांकडे कधी जावे, हे या लेखात पाहू.

एक उदाहरण

(हे उदाहरण एका रुग्णाचे नाही. अनेक कुटुंबांच्या अनुभवांतून ते जोडले आहे.)

पुनर्विकासात मिळालेले दोन बेडरूमचे घर. घर लावण्याची जबाबदारी बावन्न वर्षांच्या सूनबाईंवर. त्या नोकरी करतात. नवऱ्याला रक्तदाब आहे. ऐंशी वर्षांच्या सासूबाई वर्षभरापूर्वी पडल्या होत्या, खुब्याचे ऑपरेशन झाले होते, आता वॉकर घेऊन चालतात. बिल्डरकडून मिळणारे भाडे बंद झाले होते आणि गणपतीपूर्वी नव्या घरात जायचेच, असे सर्वांनी ठरवले होते.

टाइल्सच्या दुकानात एके दिवशी बाईंच्या छातीत धडधडू लागले, हातपाय गार पडले, श्वास अपुरा वाटला. रुग्णालयात ईसीजी आणि रक्ताच्या तपासण्या केल्या, त्या नॉर्मल आल्या. पुढे बोलताना कळले की तीन आठवडे त्या रात्री दोनपर्यंत मोबाइलवर घरांचे फोटो पाहत होत्या. नवरा "तुला आवडेल ते कर" म्हणे आणि नंतर प्रत्येक गोष्टीत खोट काढी. नणंदेचे, शेजारणीचे, सुताराचे सल्ले वेगळेच.

त्यांना सगळे निर्णय कागदावर लिहायला सांगितले. यादी साठच्या वर गेली. त्यांपैकी त्या महिन्यात घ्यावेच लागणारे निर्णय होते फक्त नऊ. आणि सगळ्यांत महत्त्वाचा निर्णय यादीत नव्हताच. सासूबाई वापरणार ते बाथरूम कसे असावे, याचा कुणी विचारच केला नव्हता. घर दोन आठवडे फॉल्स सीलिंगवरून भांडत होते.

दडपणाचे खरे नुकसान हेच आहे. मन इतके भरून जाते की महत्त्वाचे आणि बिनमहत्त्वाचे यांतला फरकच दिसेनासा होतो.

असे का होते?

*पर्याय फार असतात.* पूर्वी शहाबादी, कडप्पा किंवा मोझेक एवढ्यातच फरशी ठरत असे. आज एका दुकानात शेकडो नमुने असतात. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला प्रयोग यासंदर्भात नेहमी सांगितला जातो. अमेरिकेतील एका दुकानात कधी २४ प्रकारचे जॅम मांडले, कधी ६. चोवीस प्रकारांपाशी थांबणारे लोक जास्त होते, पण त्यांतल्या सुमारे ३ टक्के लोकांनीच जॅम विकत घेतला. सहा प्रकारांपाशी थांबलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांनी घेतला. पुढे झालेल्या अभ्यासांत दर वेळी असाच परिणाम दिसला नाही. पर्याय जास्त असले की त्रास होतोच असे नाही. आपल्याला नेमके काय हवे ते ठरलेले नसेल, पर्यायांची तुलना अवघड असेल आणि वेळ कमी असेल, तेव्हा त्रास जास्त होतो. घर लावताना नेमक्या याच तीन गोष्टी एकत्र येतात.

*निर्णय परत फिरवता येत नाहीत.* साडी आवडली नाही तर बदलून मिळते. फरशी एकदा बसली की वीस वर्षे तिच्यावरूनच चालायचे. चूक झाली तर पैसे गेले, शिवाय रोज डोळ्यांसमोर राहणार, ही भीती असते. मिळणाऱ्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचे दुःख माणसाला जास्त बोचते. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली.

*मेंदूची जागा मर्यादित असते.* एकाच वेळी आपण मोजक्याच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. प्लायवूडचा दर, प्लंबरचा फोन, बँकेचा हप्ता आणि मुलाची परीक्षा हे सगळे मनात असताना लॅमिनेटची छटा निवडायला जागाच उरत नाही.

*ताण साचत जातो.* थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातील ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराचा मृत्यू १०० गुण. त्या मानाने घर बदलणे २०, राहण्याच्या परिस्थितीतील बदल २५ आणि घरासाठी मोठे कर्ज ३१. एकेक आकडा लहान दिसतो, पण घराच्या कामात हे तिन्ही एकदम येतात. त्यात घरातले आजारपण असेल तर बेरीज आणखी वाढते.

*घर म्हणजे आपली ओळख वाटते.* वास्तुशांतीला येणारे पाहुणे काय म्हणतील, हा विचार मनाच्या मागे सतत चालू असतो. त्यामुळे पडद्याचा प्रश्न पडद्यापुरता राहत नाही.

दडपण आल्याची लक्षणे

• एकच निर्णय पुन्हा पुन्हा घेणे, ठरलेले मोडणे
• दुकानात गेल्यावर डोके जड होणे, काहीच न घेता परत येणे
• कटकट संपावी म्हणून घाईत "चला, हेच करा" म्हणणे आणि नंतर पस्तावणे
• झोप न लागणे किंवा पहाटे जाग येऊन हिशेब सुरू होणे
• धडधड, पोटात गोळा, मान-खांदे आखडणे, डोकेदुखी, आम्लपित्त
• जोडीदारावर, मुलांवर, कामगारांवर चिडणे
• सुताराचा किंवा ठेकेदाराचा फोन आला की छातीत धस्स होणे

लक्षात ठेवा : छातीत दुखणे, दुखणे हातात किंवा जबड्यात जाणे, दरदरून घाम फुटणे, दम लागणे हे "टेन्शनमुळे असेल" असे घरीच ठरवू नका. विशेषतः वय चाळिशीच्या पुढे असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर लगेच रुग्णालयात जा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. हृदयविकार नाही हे तपासणीत कळल्यावरच ताणाचा विचार करायचा.

भार हलका करण्याचे उपाय

१. सगळे डोक्यातून कागदावर उतरवा

एक वही करा. मनात येतील ते सर्व निर्णय एकाखाली एक लिहा. क्रम लावू नका, नुसते लिहा. यादी मोठी दिसली तरी घाबरू नका. मनात फिरणाऱ्या यादीपेक्षा कागदावरची यादी नेहमी सोपी असते, कारण तिला शेवट असतो.

२. यादीचे तीन भाग करा

पहिला भाग : नंतर बदलायचे तर तोडफोड करावी लागेल असे निर्णय. वॉटरप्रूफिंग, नळाची पाइपलाइन, वायरिंग आणि स्विचबोर्डच्या जागा, फरशी, बाथरूमची रचना, ओट्याची उंची.

दुसरा भाग : बदलता येईल पण खर्च पडेल असे निर्णय. ट्रॉल्या, कपाटे, माळे, दरवाजे, रंग.

तिसरा भाग : सहज बदलता येणारे निर्णय. पडदे, दिवे, गाद्या-उशांची कव्हरे, चित्रे, शोभेच्या वस्तू, कुंड्या.

वेळ आणि शक्ती पहिल्या भागाला द्या. तिसरा भाग राहायला गेल्यावर उघडा. अनेक घरांत नेमके उलटे होते. पडद्यांवर चार रविवार जातात आणि वॉशिंग मशीनचा नळ कुठे हवा हे प्लंबर परस्पर ठरवून टाकतो.

३. आरोग्याचे निर्णय सर्वांत आधी घ्या

घरात वृद्ध, रुग्ण, गरोदर स्त्री किंवा लहान मूल असेल तर हे प्रश्न रंगाच्या आधी सोडवा.

• बाथरूमची फरशी ओली असताना घसरत नाही ना? नमुन्यावर पाणी ओतून, ओल्या पायाने पाहा.
• कमोडजवळ आणि शॉवरजवळ धरायला भक्कम दांडी बसणार का? जागा आधी ठरवली तर काम सोपे जाते. टॉवेलची दांडी माणसाचे वजन पेलत नाही.
• कमोडची उंची गुडघेदुखी असलेल्या माणसाला पुरेशी आहे का? साधारण १७ ते १९ इंचांवर बसणे-उठणे सोपे पडते.
• बाथरूमचा उंबरा वॉकरला अडतो का? व्हीलचेअर लागणार असेल तर दरवाजा सुमारे तीन फूट रुंद आहे का? दरवाजा बाहेर उघडतो का? आत माणूस पडला तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही.
• रात्री पलंगापासून बाथरूमपर्यंत उजेड आहे का? दिव्याचे बटण पलंगावरून हाताला येते का?
• दमा किंवा ॲलर्जी असलेल्या व्यक्तीला रंगकामाच्या वेळी दुसरीकडे ठेवता येईल का? रंग, पॉलिश आणि चिकटवण्याच्या द्रव्यांचा वास तसेच घासकामाची धूळ यांनी दमा बळावू शकतो. घर हवेशीर ठेवा, आणि शक्य असल्यास वास गेल्यावरच राहायला जा.
• घर जुने असेल तर आधीच्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा घालणारे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा रंग कोरडा घासू नका, ओला करून काढायला सांगा. त्या काळात गरोदर स्त्रिया आणि लहान मुले तिथे नकोत.

अंथरुणाला खिळलेल्या किंवा अर्धांगवायूच्या रुग्णासाठी घर लावायचे असेल, तर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टला काम सुरू होण्यापूर्वी घर दाखवा. रुग्ण कसा उठतो, कसा वळतो, हे त्यांना माहीत असते.

४. "सर्वोत्तम" शोधू नका, "पुरेसे चांगले" शोधा

हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात मांडलेला हा विचार आहे. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाला सगळे पर्याय तपासणे शक्यच नसते. म्हणून आधी अटी ठरवाव्यात आणि त्या पूर्ण करणारा पर्याय मिळाला की शोध थांबवावा. बॅरी श्वार्ट्‌झ आणि सहकाऱ्यांनी २००२ साली केलेल्या अभ्यासात असे दिसले की प्रत्येक वेळी सर्वोत्तमच हवे असणारे लोक सरासरीने कमी समाधानी असतात आणि पस्तावतातही जास्त.

प्रत्यक्षात हे असे करा. दुकानात जाण्यापूर्वी वहीत तीन अटी लिहा. उदाहरणार्थ स्वयंपाकघराच्या फरशीसाठी : घसरू नये, हळदीचा डाग राहू नये, दर चौरस फुटाला अमुक रुपयांच्या आत. दुकानदाराला अटी सांगा आणि म्हणा, "यात बसणारे तीनच नमुने दाखवा." तिघांतला एक घ्या. चौथा पाहू नका.

५. दिवसाला एक किंवा दोनच मोठे निर्णय

निर्णय घेऊन घेऊन इच्छाशक्ती संपते का, याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आधीच्या प्रयोगांत तसे दिसले होते, पण २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या पडताळणीत तो परिणाम जवळजवळ आढळला नाही. तरीही थकवा, भूक आणि अपुरी झोप यांनी विचारशक्ती मंदावते, याबद्दल शंका नाही. म्हणून मोठे निर्णय जेवणखाण झाल्यावर, शक्यतो सकाळी घ्या. ऑफिसातून दमून आल्यावर रात्री नऊ वाजता सुताराला फोनवर "हो" म्हणू नका. "उद्या सकाळी दहा वाजता सांगतो" हे वाक्य पाठ करून ठेवा.

६. कोण ठरवणार, हे आधी ठरवा

सगळ्यांनी मिळून सगळे ठरवायचे म्हटले की भांडण ठरलेलेच. खोल्या वाटून घ्या. स्वयंपाकघर जी किंवा जो रोज वापरतो, त्याचा शब्द तिथे शेवटचा. आजींची खोली आणि बाथरूम आजींना विचारून. मुलांच्या खोलीचा रंग मुलांनी निवडावा. बाकीच्यांनी मत एकदा द्यावे, नंतर गप्प बसावे. पैशाची मर्यादा मात्र दोघांनी बसून एकत्र ठरवावी.

"तुला आवडेल ते कर" हे वाक्य प्रेमाचे वाटते, पण बऱ्याचदा ते जबाबदारी झटकणारे असते. त्याऐवजी "दिवे आणि वायरिंग मी बघतो, त्यात तू लक्ष घालू नकोस" असे म्हटले तर भार खरोखर कमी होतो.

७. बंद झालेला निर्णय पुन्हा उघडू नका

निर्णय झाला की वहीत तारीख घाला आणि एका ओळीत कारण लिहा : "पांढरी टाइल, कारण खोलीत उजेड कमी." दहा दिवसांनी मन डळमळले की ती ओळ वाचा. तेव्हा जे माहीत होते त्यावरून निर्णय बरोबरच होता, हे दिसेल. ऑर्डर दिल्यावर त्याच वस्तूचे नवे नमुने आणि दर पाहणे बंद करा. पुन्हा उघडायचेच असेल तर कारण एकच असावे : सुरक्षितता किंवा कामातली खरी चूक.

८. रंग शेडकार्डवर ठरवू नका

दोन इंचांच्या चौकोनावरून अख्ख्या भिंतीचा अंदाज कुणालाच येत नाही. तिथे अडकलात तर तो तुमचा दोष नाही. दोन किंवा तीन छटांचे लहान डबे आणा आणि भिंतीवर दोन-दोन फुटांचे पट्टे मारा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहा. दुसऱ्या दिवशी ठरवा. विचार करकरून जे सुटत नाही, ते डोळ्यांना लगेच सुटते.

९. पैशाची भीती आकड्यात मांडा

"खर्च हाताबाहेर जाईल" ही धूसर भीती रात्री झोपू देत नाही. एकूण रक्कम लिहा. तिच्यातील दहाएक टक्के अचानक निघणाऱ्या कामांसाठी बाजूला ठेवा. आजारपणासाठी ठेवलेले पैसे आणि औषधांचा खर्च या हिशेबात धरू नका, त्यांना हात लावू नका. ठेकेदाराला एकदम पैसे न देता कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्या आणि टप्पे लिहून घ्या.

१०. अर्धवट घरात राहायला हरकत नाही

गॅस, पाणी, वीज, बाथरूम, झोपायला जागा आणि दाराला कुलूप एवढे झाले की घर राहण्याजोगे झाले. बाकीचे चार-सहा महिन्यांत होईल. राहिल्यावर ऊन कुठून येते, चपला कुठे साचतात, वर्तमानपत्र कुठे बसून वाचले जाते हे कळते. मग निम्मे निर्णय आपोआप सुटतात. वास्तुशांतीला आलेले पाहुणे जेवून जातात, घर आपल्याला राहते.

ऐन वेळी घाबरल्यासारखे झाले तर

दुकानात किंवा साइटवर एकदम गुदमरल्यासारखे वाटले तर :

• तिथून बाहेर या. "आज फक्त बघायला आलो होतो" एवढे सांगणे पुरे.
• बसा, पाणी प्या.
• नाकाने चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा आकडे मोजत सावकाश सोडा. पाच मिनिटे करा. श्वास सोडणे लांबले की हृदयाची गती मंदावू लागते.
• त्या दिवशी कोणताही निर्णय घेऊ नका, आगाऊ रक्कम देऊ नका.

असे झटके वारंवार येत असतील तर डॉक्टरांना भेटा.

रात्रीसाठी एक नियम : झोपण्यापूर्वी तासभर आधी मोबाइल आणि घराचा विषय दोन्ही बंद. दुपारनंतर चहा-कॉफी कमी करा. कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात.

घरच्यांनी काय करावे?

• "एवढ्याशा गोष्टीचे काय टेन्शन घ्यायचे?" असे म्हणू नका. त्याने माणूस बोलायचा थांबतो.
• सल्ला देण्याआधी विचारा : "मत हवे आहे, की नुसते ऐकू?"
• एखादे काम पूर्ण उचला. सुताराची मापे, बिले, कामगारांना चहापाणी, काहीही. पण मग त्यात विचारत बसू नका.
• आठवड्यातून एक संध्याकाळ घराचा विषय काढायचा नाही, असे ठरवा.
• नातेवाइकांचे सल्ले अडवण्याचे काम एकाने घ्या.
• रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडची औषधे कामाच्या धावपळीत चुकत नाहीत ना, हे पाहा. हे फार वेळा घडते.

हे साधे दडपण नसेल तर?

साधे दडपण कामाबरोबर कमी-जास्त होते. एखादा निर्णय मार्गी लागला की हलके वाटते, सुट्टीच्या दिवशी माणूस हसतो-बोलतो. पुढील गोष्टी दिसल्या तर वेगळा विचार करावा लागतो.

*नैराश्य :* दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, भूक-झोप बिघडलेली, स्वतःला दोष देणे. निर्णय न घेता येणे हे नैराश्याचे स्वतंत्र लक्षण आहे. अशा वेळी घरामुळे नैराश्य आले असे वाटते, पण कधी कधी नैराश्य आधीपासून असते आणि घराच्या कामात ते उघडे पडते.

*चिंतेचा विकार :* घराचेच नव्हे, तर आरोग्य, मुले, नोकरी अशा सगळ्याच गोष्टींची आटोक्यात न येणारी काळजी अनेक महिने चालू.

*मंत्रचळ :* फरशीच्या रेषा जुळतात का, वस्तू अगदी समान अंतरावर आहेत का, हे पुन्हा पुन्हा तपासण्यात रोज तासाहून जास्त वेळ जाणे आणि थांबता न येणे.

*उन्माद :* इथे चित्र उलटे असते. झोपेची गरजच वाटत नाही, एकामागून एक निर्णय झटपट, ऐपतीबाहेर खर्च, चालू काम तोडून नवे सुरू, अडवले की राग. आठवडाभर असे चालले तर उशीर करू नका. पैशाचे व्यवहार घरच्यांनी काही दिवस सांभाळावेत.

*स्मृतिभ्रंशाची सुरुवात :* आयुष्यभर व्यवहार चोख सांभाळलेल्या ज्येष्ठ व्यक्तीला आता साधा हिशेब किंवा कामांचा क्रम लागत नसेल, तर "वय झाले" म्हणून सोडू नका.

*शारीरिक कारणे :* थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, बी-१२ ची कमतरता, रजोनिवृत्तीच्या काळातील बदल यांनीही थकवा, धडधड आणि गोंधळ होतो. म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

उपचार

साध्या दडपणाला औषध लागत नाही. वर दिलेले उपाय आणि गरज पडल्यास समुपदेशनाच्या काही बैठका पुरतात. चिंता किंवा नैराश्य असेल तर विचार-वर्तन उपचारपद्धती आणि औषधे यांचा चांगला उपयोग होतो. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात. मधेच बंद करू नयेत. ओळखीच्या माणसाने दिलेली झोपेची गोळी घेऊ नका, तिची सवय लागू शकते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडते आणि दुसऱ्या दिवशी चिंता वाढते.

जगणे नकोसे वाटत असेल किंवा जवळचे कुणी तसे बोलत असेल, तर त्या व्यक्तीला एकटे सोडू नका. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येते. तातडीच्या मदतीसाठी ११२ वर फोन करा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*इंटिरिअर डिझायनर ठेवला तर दडपण कमी होईल का?*
बहुतेक वेळा होते, पण आपल्या अटी आणि खर्चाची मर्यादा आधी लिहून दिल्या तरच. नाही तर निर्णय तेवढेच राहतात आणि एका माणसाचे मत वाढते.

*चुकीची फरशी निवडली, रोज पाहून वाईट वाटते. काय करू?*
थोडे थांबा. माणूस नव्या गोष्टीला सरावतो, आवडत्याही आणि नावडत्याही. सहा महिन्यांनी ती फरशी डोळ्यांत खुपेनाशी होण्याची शक्यता बरीच आहे. धोका मात्र सहन करू नका. फरशी घसरडी असेल तर आजच उपाय करा.

*वडील वारल्यावर त्यांची खोली आवरायची आहे, पण हातच उचलत नाही.*
हा सजावटीचा प्रश्न नाही, दुःखाचा आहे. घाई करू नका. एक कपाट, एक तास, सोबत कुणीतरी, एवढ्याने सुरुवात करा. ज्या वस्तूंचे काय करावे सुचत नाही त्या एका पेटीत ठेवा आणि पेटी वर्षभराने उघडा.

शेवटी

वर सांगितलेल्या कुटुंबाने नऊ निर्णय तीन आठवड्यांत उरकले. पहिला निर्णय आजींच्या बाथरूमचा : खडबडीत फरशी, दोन दांड्या, उंच कमोड, बाहेर उघडणारे दार. फॉल्स सीलिंग पुढे ढकलले. गणपतीत भिंतींना नुसता प्रायमर होता आणि खिडक्यांना जुन्या घरातले पडदे. बाईंची झोप महिनाभरात सुधारली. आजी मात्र पहिल्या दिवसापासून कुणाचा हात न धरता अंघोळीला जाऊ लागल्या.

तुमच्या यादीतही असा एखादा निर्णय असेल. तो शोधा, आधी तो घ्या. पडद्यांना वेळ आहे.

(हा लेख माहितीसाठी आहे. तो प्रत्यक्ष तपासणीची जागा घेऊ शकत नाही. त्रास होत असल्यास आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.)